पैसे न चालणारं दुकान: दोन वर्षांचा अनुभव आणि एक अडलेला प्रश्न (सोलापूर)

वाकळ

नमस्कार मंडळी.

सोलापुरात पूर्व भागात, कन्ना चौकापासून चालत पाच-सात मिनिटांवर, आम्ही अकरा जण मिळून एक दुकान चालवतो. एका विणकर कुटुंबाच्या जुन्या घरातली रस्त्याकडची खोली आहे. पूर्वी तिथं खड्डामाग होते. खड्डे बुजवून वर शहाबादी टाकलीय, पण तेवढ्या फरश्यांचा रंग अजून वेगळा दिसतो. लोक घरातल्या वापरण्याजोग्या वस्तू आणून देतात आणि ज्याला जे हवं ते तो घेऊन जातो. पैसे नाहीत, नोंदवही नाही, रेशन कार्ड दाखवा नाही. बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी, रविवारी सकाळी उघडं असतं. दुसरं वर्ष संपत आलं.

धागा काढायचं कारण असं. गेल्या महिन्यात आमच्याकडून गेलेल्या पँटी एक माणूस मंगळवार बाजारात पथारी पसरून विकत होता. आमच्यातल्या दोघांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यावरून गटात दोन बैठका झाल्या आणि दोन्ही भांडणात संपल्या. काही जण म्हणतात, वस्तूला दहा रुपये लावा. काही म्हणतात, कार्ड बघून द्या. मला दोन्ही नकोय. का नको हे बैठकीत मला धड मांडता आलं नाही, म्हणून इथं लिहितेय. लांब होईल, सांभाळून घ्या.

आधी पाटीबद्दल. पाटीवर काय लिहायचं यावर आम्ही आठवडा घालवला. ‘फुकट’ लिहिलं की पाठोपाठ ‘फुकटं’ हा शब्द येतोच. ‘मोफत’ म्हटलं की सरकारी रांग आठवते. ‘गरजूंसाठी’ लिहिलं असतं तर आत येणाऱ्यानं दारातच कबूल करायचं की मी गरजू आहे. शेवटी लिहिलं, ‘इथं पैसे चालत नाहीत’. खाली तेच तेलुगूत, कन्नडमध्ये आणि उर्दूत. चारही भाषा लिहून देणारी माणसं एकाच गल्लीत मिळाली, हे आपलं सोलापूर.

आत दुकानासारखीच मांडणी आहे. कपडे हँगरला, मापाप्रमाणे. चपला-बूट जोडीनं, नाडीनं एकमेकांना बांधलेले. एका कोपऱ्यात पडदा आणि उभा आरसा. हा आरसा आम्ही चार महिन्यांनी लावला, पहिल्याच दिवशी लावायला हवा होता. आधी बायका साडी उचलायच्या, पिशवीत कोंबायच्या आणि खाली मान घालून निघायच्या. आरसा आल्यावर पदर खांद्यावर टाकून बघायला लागल्या. शेजारणीला विचारायला लागल्या, आणि नाही आवडली तर परत लावायला लागल्या. कुणी ‘हा रंग नको’ म्हणून साडी परत लावली की मला फार बरं वाटतं.

आता माझ्या हातून घडलेली गोष्ट. सुरुवातीला मी वही ठेवली होती. नाव, पत्ता, घरात माणसं किती, कमावतं कोण. कुणी सांगितलं नव्हतं, हिशेब असावा म्हणून मीच ठेवली. एका शनिवारी एक बाई आल्या. विडी कारखान्यात माल जमा करून थेट आल्या असणार, हाताला तंबाखूचा वास होता आणि हातातल्या सुपावर फडकं बांधलेलं होतं. त्यांनी मेंदी रंगाची एक साडी काढली, बराच वेळ काठ बघितला. “आईला होईल,” म्हणाल्या. मी वही उघडून विचारलं, घरात किती जण? त्यांनी सांगितलं, पाच. मग विचारलं, मालक काय करतात? त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग ती साडी त्यांनी काउंटरवर ठेवली, घडीवर घडी बसवून, काठाला काठ लावून अगदी होती तशी केली, हँगरला लावली आणि “राहू द्या ओ ताई” म्हणून निघून गेल्या. परत कधी आल्या नाहीत. वही मी त्याच रात्री बंद केली. त्या बाईंची चौकशी करायचा मला काय अधिकार होता? भर बाजारात दुकानदार विचारतो का, तुमचे मालक काय करतात?

दुसरी गोष्ट, आणि माझं सगळं म्हणणं हिच्यातच आहे. पहिले सहा महिने आमच्यापैकी कुणीही दुकानातून काही घेतलं नाही. आपण देणारे, आपण कसं घ्यायचं, असा न बोलता ठरलेला नियम होता. मग एकदा एक शिसवी पोळपाट आला. जुना, जड, मधे किंचित खोलगट झालेला. माझ्या घरचा चिरलेला होता, पिठाचे कण फटीत अडकायचे. मी टेबलामागून बाहेर आले, रांगेत उभी राहिले आणि माझी पाळी आल्यावर तो घेतला. मागच्या बाई म्हणाल्या, “ताई, तुम्ही पण?” मी म्हटलं, “माझा फुटलाय ओ.” त्यांनी माझ्या हातातून पोळपाट घेतला, फरशीवर ठेवला, चारी बाजूंनी दाबून बघितला. एका पायाला डुगडुगत होता. “इथं सुताराकडून पातळ चकती मारून घ्या,” म्हणाल्या. मग उभ्या उभ्या सांगायला लागल्या की त्यांच्याकडे दोन मोठे डबे नुसते माळ्यावर पडलेत, इथं चालतील का. पुढच्या बुधवारी डबे घेऊन आल्या. सहा महिन्यांत घेणाऱ्यांपैकी कुणी काही आणून दिलेलं ते पहिलंच.

तेव्हापासून आम्ही ठरवलं, इथं काम करणाऱ्यानं इथून घ्यायचंसुद्धा, आणि सगळ्यांदेखत घ्यायचं. टेबलाच्या एका बाजूला कायम देणारे आणि दुसऱ्या बाजूला कायम घेणारे राहिले तर ते दुकान होत नाही, वाटपाचा कार्यक्रम होतो. कार्ड बघायला लागलो तर मी स्वतः घेऊ शकणार नाही. आणि मी घेतलं नाही तर त्या बाई डबे आणणार नाहीत. दहा रुपये लावायला माझा विरोध का, तेही यातच आलं, पण त्यावर तुमचं ऐकायचंय.

---

पूर्वभाग

ताई, शेवटचा मुद्दा शंभर टक्के पटला. मी दोनदा येऊन गेलोय तुमच्याकडे. एकदा द्यायला, एकदा घ्यायला.

एक भर घालतो. १९ जानेवारी २०२४ ला कुंभारीच्या रे नगरमधल्या पहिल्या १५ हजार घरांचं लोकार्पण झालं. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरावेचक असे लोक तिथं राहायला गेले. पूर्व भागात दहा बाय दहात भाड्यानं राहिलेल्या माणसाला स्वतःचं घर मिळालं, आनंद मोठाच. पण घर मिळालं की पडदा लागतो, फळी लागते, दाराला अडसर लागतो, न्हाणीघरात ठेवायला बादली लागते. माझ्या मामीनं पहिल्या महिन्यात काय काय गोळा केलं ते मी बघितलंय. तेव्हा तुमच्यासारखं दुकान तिकडं कुंभारीला असतं तर बरं झालं असतं. अजूनही व्हायला हरकत नाही.

---

तराजू

वाकळ, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण मी दहा रुपयेवाल्यांच्या बाजूचा. मी आमच्या सोसायटीत (जुळे सोलापूर) दरवर्षी जुन्या वस्तूंची विक्री लावतो, सगळं दहा आणि वीस रुपयांत. कामवाल्या मावशी, वॉचमन, भाजीवाले सगळे येतात, घासाघीस करतात आणि ताठ मानेनं घेऊन जातात. मी त्यांना विचारलंय. त्यातल्या कित्येकांनी सांगितलं, फुकट असतं तर आलो नसतो. फुकट घेतलं की पुढं ऐकून घ्यावं लागतं, हा त्यांचा अनुभव आहे.

दुसरं, गूंजचं उदाहरण बघा. अंशु गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत ही संस्था सुरू केली, २०१५ ला त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते शहरातले कपडे गावात नेतात पण नुसते वाटत नाहीत. गावकरी आधी आपल्या गावाचं काहीतरी काम करतात, विहीर उपसतात, रस्ता नीट करतात, आणि त्या श्रमाबद्दल कपडे मिळतात. म्हणजे एवढ्या मोठ्या अनुभवाच्या माणसांनासुद्धा वाटलं की बदल्यात काहीतरी हवं. दहा रुपये हे त्याचंच छोटं रूप नाही का?

---

वाकळ

तराजू, हा सगळ्यात कठीण आक्षेप आहे. मी त्यावर बरेच दिवस विचार केलाय.

फुकट घेतलं की ऐकून घ्यावं लागतं, हे अगदी खरं. ती लाज खरी आहे. पण ती कोण लावतं? मी वही उघडून लावली होती. फोटो काढणारे लावतात. आमच्याकडे एक गृहस्थ वाढदिवसानिमित्त तीस ब्लँकेटं घेऊन आले. चांगली, नवी होती. म्हणाले, वाटताना फोटो घेऊ. आम्ही म्हटलं, ठेवून जा, फोटो ब्लँकेटांचा काढा. ते ब्लँकेटं परत घेऊन गेले. जानेवारीचा महिना होता, मला रात्रभर झोप आली नाही. तरी आज पुन्हा विचारलं तर तेच सांगेन.

गूंजचं म्हणाल तर ते गावासाठी आहे आणि तिथं ते शोभतं. विहीर सगळ्या गावाची असते, उपसली की सगळ्यांना पाणी. इथं माझ्यासमोर येणारी बाई पहाटे उठून पाणी भरून, स्वयंपाक करून, दिवसभर मान मोडून विड्या वळून संध्याकाळी आलेली असते. तिला मी आणखी कसलं काम सांगू?

आणि दहा रुपये. आम्ही दोन आठवडे करून बघितलंय, गटाच्या आग्रहावरून. झालं काय, तर लोक आमच्याशी भांडायला लागले. “या शर्टाला बटण नाही, पाच घ्या.” बरोबरच होतं त्यांचं, पैसे दिले की मालाची तक्रार करायचा हक्क येतो. पण आमचा सगळा वेळ गल्ला आणि सुटे पैसे यांत जायला लागला. दुसऱ्या आठवड्यात एक सात-आठ वर्षांची मुलगी कंपास पेटी हातात घेऊन उभी होती आणि तिच्या आजीकडे कनवटीला बसभाड्यापुरतेच पैसे होते. तिथंच आम्ही थांबवलं.

तुमच्या सोसायटीतली विक्री चांगली आहे, ती बंद करू नका. तिथं येणाऱ्याकडे दहा रुपये असतात. आमच्याकडे कधी असतात, कधी नसतात. तेवढाच फरक आहे, पण तो मोठा आहे.

---

निवृत्त_मास्तर

मी वयाने मोठा आहे म्हणून थोडं मागचं सांगतो. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपलेले, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. सोलापूरलाही आम्ही अंथरुणातून बाहेर पळालो. दोन दिवसांनी शाळेतून गोळा केलेले कपडे घेऊन टेम्पोने सास्तूरकडे गेलो.

तिथे रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग होते. पावसात भिजलेले, चिखलात तुडवलेले. नऊवारी नेसणाऱ्या बायकांसाठी कुणी पंजाबी ड्रेस पाठवलेले, शेतकऱ्यांसाठी टाय, उंच टाचेच्या चपला. मी आणलेल्या गठ्ठ्यातसुद्धा फाटके बनियन निघाले. ते मी बांधताना उघडून बघितले नव्हते, याची मला आजही लाज वाटते. एक म्हातारा माणूस त्या ढिगापाशी उकिडवा बसला होता. मी त्याला म्हटलं, बाबा, घ्या की. तो म्हणाला, “गुरुजी, धोतर हाय का?” आमच्या अख्ख्या टेम्पोत एकही धोतर नव्हतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला पूर आला तेव्हा मी मुलांना आधी तिकडच्या ओळखीच्यांना फोन करायला लावला. त्यांनी झाडू, फिनेल आणि नवे आतले कपडे मागितले. तेवढेच पाठवले.

तेव्हा वाकळ ताई, मला तुमच्या दुकानातला आरसा महत्त्वाचा वाटला. माणूस स्वतः निवडतो तेव्हा त्याला धोतर हवं की लुंगी हे आपण ठरवत नाही.

---

शेंगाचटणी

वाचून गलबलून आलं, मास्तर.

माझा एक प्रश्न आहे, वाईट वाटून घेऊ नका. आमच्या गल्लीत अजून बोहारीण येते. जुन्या साड्या-पँटी घेऊन स्टीलचं पातेलं, परात देते. तिचं पोट त्यावर आहे. तुमचं दुकान वाढलं तर तिच्याकडे कोण जाणार? आणि लोक जो भंगार माल देतात त्याचं काय करता?

---

वाकळ

शेंगाचटणी, वाईट कशाचं, हा प्रश्न आम्हाला आधी सुचायला हवा होता. आमच्या दारात खरोखरच एक बोहारीण मावशी येऊन उभ्या राहिल्या, पहिल्याच वर्षी. “तुम्ही फुकट घेतलात तर मला कोण देईल ओ?” मी काही बोलू शकले नाही. त्यांना आत बोलावलं, चहा दिला. बसल्या बसल्या त्यांनी समोरचा गठ्ठा सोडला आणि निवडायलाच लागल्या. आम्हाला दोन तास लागले असते ते काम त्यांनी पंधरा-वीस मिनिटांत संपवलं.

कसं, ते सांगते, कारण हे पुस्तकात मिळणार नाही. शर्ट हातात आला की आम्ही पुढून बघायचो, डाग आहे का, बटणं आहेत का. मावशी पुढून बघतच नाहीत. आधी काख, मग कॉलरची आतली घडी. पँट उजेडाकडे धरायची आणि बुडाकडून बघायची. विरली असेल तर उजेड चाळणीसारखा येतो. साडी दोन अंगठ्यांमध्ये ताणायची, काठाजवळ, निऱ्या येतात तिथं. बारीकसा चर्र असा आवाज आला की बाजूला. कापड नाकाशी नेऊन वास घ्यायचा, पेटीत राहून कुबट झालेलं वेगळं, बुरशीचं वेगळं. कुबट वास उन्हानं जातो, बुरशीचे काळे ठिपके जात नाहीत.

आता जरीच्या जुन्या साड्या आणि जो माल आमच्याकडे कुणी घेत नाही तो त्या नेतात, महिन्यातून एकदा. त्या बदल्यात निवडायला बसतात. हा सौदा त्यांनी सुचवला, आम्ही नाही. त्यांचं पूर्ण नुकसान यातून भरून निघतं असं मी म्हणणार नाही.

बाकीचं: सुती बनियन, चादरी, टॉवेल यांच्या चिंध्या गॅरेजवाले आनंदानं नेतात, सुती कापड तेल शोषतं. पॉलिस्टर ते घेत नाहीत. मऊ सुती साड्या वाकळ शिवायला बाजूला ठेवतो. दोन आजी आहेत, बारीक धावदोऱ्यानं इतकी सुंदर वाकळ शिवतात की ती दुकानात एक संध्याकाळसुद्धा टिकत नाही. माझं इथलं नाव त्यावरूनच घेतलंय. पॉलिस्टरच्या फाटक्या कपड्यांचं काय करायचं याचं उत्तर आमच्याकडे नाही. म्हणून आता दारातच पिशवी उघडतो आणि चालणार नसेल तर तिथंच परत देतो. लोक रागावतात. “गरिबांना काय होतंय?” हे वाक्य मी दारात किती वेळा ऐकलंय! जे तुम्ही स्वतःच्या भाच्याला देणार नाही ते इथं नको, एवढंच सांगतो.

आतले वापरलेले कपडे, औषधं, जुनी हेल्मेटं घेत नाही. कुकर रिंग आणि शिट्टी तपासल्याशिवाय ठेवत नाही.

---

परमुलखी

मी मूळची बाळीवेसची, सध्या जर्मनीत. इथं अशी दुकानं बऱ्याच शहरांत आहेत. ‘उमझोन्स्टलाडेन’ म्हणतात, शब्दशः विनामोबदला दुकान. हांबुर्गमध्ये १९९९ मध्ये असं एक सुरू झालं. आमच्या गावातल्या दुकानात मी गुरुवारी दोन तास बसते. इथं कुणी गरीब आहे का हे विचारण्याचा प्रश्नच येत नाही. प्राध्यापक येतात, विद्यार्थी येतात, सीरियाहून आलेली कुटुंबं येतात. फेकायचं कमी व्हावं हा मुख्य विचार. एका फेरीत एका माणसानं तीन वस्तू, एवढा एकच नियम, सगळ्यांना सारखा.

इराणच्या मशहदमध्ये २०१५ च्या हिवाळ्यात एका भिंतीवर खुंट्या ठोकून कुणीतरी लिहिलं होतं, नको असेल तर ठेवून जा, हवं असेल तर घेऊन जा. आपल्याकडच्या माणुसकीच्या भिंती त्यानंतरच्या. मला त्या भिंती आवडतात, पण भिंतीला कुणी राखणदार नसतो. पाऊस येतो, धूळ बसते, कुत्री ओढतात. दुकानात माणूस बसलेलं असतं, आणि माझ्या मते खरा फरक तिथंच पडतो.

ताई, सोलापुरात सगळ्यात जास्त मागणी कशाला आहे? इथं मुलांच्या थंडीच्या बुटांना आहे.

---

वाकळ

परमुलखी, तुम्ही ओळखू शकाल, बाळीवेसच्या आहात. पाणी साठवायच्या भांड्यांना!

आम्ही कपड्यांचं दुकान समजून सुरुवात केली होती. पण नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात पिंप, बॅरल, झाकणाची बादली, कळशी, कॅन यांच्याइतकं मोलाचं काही नाही. झाकणाचं निळं बॅरल आलं की ते आत यायच्या आधीच रस्त्यावर ठरलेलं असतं कुणाचं ते. एप्रिल-मे मध्ये, पारा चाळिशीच्या वर गेला की माठ आणि कूलर. जूनमध्ये शाळेचे गणवेश. आपल्या गावात गणवेश शिवायचे एवढे कारखाने आहेत, तरी विडी वळणाऱ्या बाईच्या पोराकडे एकच जोड असतो, हे मला दर जूनला टोचतं. गणवेश आम्ही शाळेप्रमाणे वेगळे लावतो.

तीन वस्तूंचा नियम चांगला वाटला. आमच्याकडे पाच आहे, तोही अलीकडे. गटात मांडते.

---

होटगी_रोड

सगळं वाचलं. पण मूळ प्रश्नावर कुणी बोलतच नाही. तो माणूस पँटी विकत होता, त्याचं काय?

मी देणाऱ्याच्या बाजूनं बोलतो. माझ्या मुलाची लहानपणीची सायकल मी घरात सहा वर्षं ठेवली होती. ती मी तुमच्यासारख्या ठिकाणी देईन ती दुसऱ्या मुलानं चालवावी म्हणून. कुणी ती नेऊन हजार रुपयांना विकली तर मला फसवल्यासारखं वाटेल. आज एक विकतोय, उद्या पाच येतील आणि खरा गरजवंत हात हलवत जाईल. देणाऱ्यांचा विश्वास उडाला की दुकान बंद. भावना ठीक आहे, पण नियम हवेत.

---

वाकळ

होटगी रोड, तुमचं बरोबर आहे, मी त्या प्रश्नाला वळसा घालत होते.

त्या माणसाला मी ओळखते. पन्नाशीचा आहे, यंत्रमागावर होता, कारखाना बंद पडल्यापासून मिळेल ते करतो. आमच्यातल्या एकानं त्याला बाजारातच गाठून चार लोकांत विचारलं. त्यानंतर तीन आठवडे तो आला नाही. मग आला, एक टॉवेल घेतला आणि गेला. मी काही विचारलं नाही, तोही काही बोलला नाही. पुढं काय करावं हे मला अजून उमगलेलं नाही.

पण मी असा विचार करते. त्यानं ती पँट चाळीस रुपयांना विकली, म्हणजे कुणीतरी ती चाळीस रुपयांना घेतली. मंगळवार बाजारात जुनी पँट घेणारा माणूस कोण असतो? त्यालाही ती हवीच होती. कापड कपाटात सडलं नाही, अंगावर गेलं. आणि विकणाऱ्याच्या घरात त्या दिवशी भाजी आली. मला यात चोरी दिसत नाही.

सायकलीचं मात्र वेगळं आहे, तुमचं दुःख मला कळतं. मोठ्या वस्तूंसाठी आम्ही एक करतो. सायकल, शिलाई मशीन, कूलर आलं की फळ्यावर लिहितो आणि दोन आठवडे नावं घेतो, कारण विचारत नाही. मग सगळ्यांसमोर चिठ्ठी काढतो. चिठ्ठी सातवीतल्या एका मुलीनं काढायची असा प्रघात पडलाय. तुमची सायकल मुलाकडेच जाईल याची हमी देता येणार नाही. पण इतक्या जणांसमोर ज्याचं नाव निघालं त्याच्या घरातून ती वस्तू सहसा बाजारात जात नाही, एवढं दोन वर्षांत बघितलंय.

नियम हवेत हे मान्य. माझा आग्रह एवढाच की नियम वस्तूला लावा. किती वस्तू, कुठली वस्तू. माणसाला लावू नका.

---

तराजू

चिठ्ठीची पद्धत आवडली. दहा रुपयांवर मी अजून ठाम आहे, पण कंपास पेटीचं वाचून गप्प बसलो थोडा वेळ. पुढच्या विक्रीतला उरलेला माल तुमच्याकडे आणतो, काख-कॉलर बघून.

---

धोटा

नमस्कार. मी पहिल्यांदाच लिहितोय, मुलीनं मोबाईलवर टाइप करून दिलंय.

चाळीस वर्षं चादरीच्या मागावर काढली, शेवटची काही वर्षं जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, दुरुस्ती. तुमच्या दुकानात मागच्या रविवारी आलो होतो, सांगितलं नाही. तिथं एक चादर टांगलेली, मोराची. उलटी टांगली होती. म्हणजे चूक नाही, सोलापुरी चादरीला दोन्ही बाजू असतात, दोन थरांचं विणकाम, एका बाजूला जो रंग जमिनीचा तो दुसऱ्या बाजूला नक्षीचा. पण विणणाऱ्याला सुलटी बाजू हाताला कळते. मी ती सुलटी केली. कडेला दोन धागे निसटलेले, त्यांना गाठ मारली. चांगली वीस वर्षं जाईल अजून. चादर घेतली नाही, घरात आहेत.

तुमच्या मागच्या कोपऱ्यात मिक्सर, इस्त्री, पंखे पडलेत. ‘चालू आहे की नाही माहीत नाही’ असा कागद चिकटवलाय. ते तसं कुणाला देऊ नका ताई. इस्त्रीची वायर आत तुटलेली असते, वरून दिसत नाही, ओल्या हातानं धरली की झटका बसतो. सिरीज बोर्ड लागतो. शंभर वॅटचा बल्ब मधे लावून वस्तू जोडायची, आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि फ्यूज उडत नाही. इस्त्री ठीक असेल तर तिच्या जोडीनं जरा मंद पेटतो. बॉडीला करंट येतोय का ते टेस्टरनं वेगळं बघायचं. मला येतं हे.

---

वाकळ

काका, ती चादर तुम्ही सुलटी केलीत! बुधवारी आल्यावर आम्ही एकमेकांना विचारत होतो. ती त्याच दिवशी गेली, एका कॉलेजच्या मुलीनं नेली, होस्टेलवर.

मिक्सर-इस्त्रीचं तुमचं अगदी बरोबर. तो कोपरा आजच दोरी लावून बंद करते. तुम्ही याल का? रविवारी नऊपासून आम्ही असतो.

---

धोटा

येतो. साडेनऊला. बोर्ड माझा आहे, टेस्टर पण आणतो. होल्डर तेवढा चिरलाय, वाटेत नवा घेतो.

---

वाकळ

घेऊ नका, काका. चार होल्डर कालच दुकानात आलेत, मधल्या फळीवर खिळ्यांच्या डब्याशेजारी आहेत. तुमचा एक काढून ठेवते.